हात पुढे करा बघू!

सोमवारी सकाळी राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना झाली, की आमच्या शाळेत आणखी एक कार्यक्रम असतो. मुलं ओळीतच उभी राहतात आणि बाई ओळींतून फिरतात. "हात पुढे करा बघू!" की चाळीस जोड्या हात पुढे येतात. आधी नखं, मग दात, मग मुलींच्या वेण्या. तुम्हीही लहानपणी अशा ओळीत उभ्या राहिला असाल. बाई जवळ येईपर्यंत दातांनी घाईघाईनं नख कुरतडलेलं आठवतं ना? मला तरी आठवतं.

आता मी ओळीच्या दुसऱ्या बाजूला आहे. कुंडलला लग्न होऊन आले त्याला बारा वर्षं झाली. घरचं सगळं आवरून दिवसातले चार तास शाळेत मराठी आणि परिसर अभ्यास शिकवते. अर्धवेळ बाईंच्या वाट्याला नेहमी कुणालाच नको असलेली कामं येतात, हे तुमच्यातल्या नोकरी करणाऱ्या जणींना सांगायला नको. तशी ही नखं-केस तपासणी माझ्याकडे आली. मी ती मोठ्या उत्साहानं करत होते, हे कबूल करते. एक वही केली होती. कुणाची नखं वाढलेली, कुणाचे केस विंचरलेले नाहीत, सगळं तारीखवार!

गेल्याच्या आदल्या डिसेंबरातली गोष्ट. त्या दिवसांत आमच्या भागात ऊसतोडीचा हंगाम जोरात असतो. कुंडलच्या आसपासच्या माळावर, ओढ्याकाठी कोप्या उभ्या राहतात. बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांची मुलंही. त्यातली काही चार-पाच महिन्यांसाठी आमच्या शाळेत बसतात. अशीच एक नऊ वर्षांची पोर चौथीत आली होती. पाढे तोंडपाठ, अक्षर टपोरं. त्या सोमवारी तिची वेणी उचलून पाहिली आणि मानेजवळच्या केसांत लिखांचा नुसता थर! मी मोठ्यांदा म्हटलं, "अगं, किती या उवा! आई डोकं बघत नाही का तुझं?"

बस्स, एवढंच. रागावलेसुद्धा नव्हते. पण शेजारची मुलगी वीतभर बाजूला सरकली आणि तिच्या शेजारची तिच्याहून वीतभर. मधल्या सुट्टीत खिचडीच्या पंगतीला ती पोर एकटीच टोकाला बसलेली दिसली. मंगळवारी ती आली नाही. बुधवारी नाही, गुरुवारीही नाही. मी वहीत 'गैरहजर' लिहिलं. खोटं कशाला सांगू, मला त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी माझी स्वतःची लेक अभ्यास करता करता कानामागं खाजवू लागली. उजेडात नेऊन पाहिलं. रोज तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, आठवड्यातून दोनदा न्हाणं, आणि तरीही चार उवा आणि लिखा वेगळ्याच. सासूबाई भाजी निवडत होत्या. शाळेतला किस्सा मीच त्यांना सोमवारी जेवताना सांगितला होता. त्या मान वर न करता म्हणाल्या, "आता तुला कोण विचारणार गं, आई डोकं बघत नाही का म्हणून?"

रविवारी मी त्या कोप्यांकडे गेले. पाचटाची छपरं, बाहेर तीन दगडांची चूल. तिची आई नुकतीच फडावरून आली होती. हाताला पाचटाचे कापलेले ओरखडे, डोक्याला फडकं बांधलेलं. मी आपलं काहीतरी सांगायला लागले, डोकं धुवा, फणीनं विंचरा. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, डोकं बघायला उजेड लागतो. आमी उजेड व्हायच्या आदी फडात जातो अन् अंधार पडल्यावर कोपीत येतो. बघावं कव्हा?"

या प्रश्नाला बी.ए.च्या कुठल्या पुस्तकात उत्तर आहे, सांगा. पाणी कुठून आणता विचारलं तर लांबच्या एका विहिरीकडे बोट केलं. दोन घागरीत स्वयंपाक, पिणं, अंघोळ. तिच्या स्वतःच्या डोक्यातही उवा होत्याच, तिनं लपवलं नाही. आणि लेक शाळेत का येत नाही? "तिला लाज वाटती. म्हनती, सगळ्यांम्होरं बाई बोलल्या."

मैत्रिणींनो, घरी परत येताना माझे पाय जड झाले होते. त्या दिवसापासून मी या 'हात पुढे करा' प्रकरणाच्या मागं लागले. कुणी सुरू केलं हे? कशासाठी? आणि यानं मुलं खरोखर निरोगी होतात का?

आमच्या गल्लीत नव्वदी ओलांडलेले एक आजोबा आहेत. दुपारी ओट्यावर बसतात आणि त्यांना कुणीतरी ऐकणारं हवंच असतं. आजच्या सांगली जिल्ह्यातलं हे कुंडल पूर्वी औंध संस्थानात होतं. संस्थान तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं, त्यातलं कुंडल हे तालुक्याचं गाव. आजोबांचं लहानपण म्हणजे प्रतिसरकारचा काळ. तूफान सेनेचे जी. डी. बापू लाड याच गावचे, त्यामुळं आजोबांची कुठलीही गोष्ट आधी तिकडेच वळते. मी त्यांना महत्प्रयासानं नखांवर आणलं.

"नखं बघायचे की मास्तर," ते म्हणाले. "छडी मारायचे नखावर. पन त्याच्या आदी नमस्कार!"

नमस्कार म्हणजे सूर्यनमस्कार. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचं हे वेडच होतं. संस्थानातल्या शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सक्तीचे केले. त्यावर पुस्तकं लिहिली. १९३८ साली लंडनमध्ये लुईझ मॉर्गन नावाच्या पत्रकार बाईंनी संपादित केलेलं त्यांचं इंग्रजी पुस्तकही निघालं, म्हणजे आमच्याकडचे नमस्कार थेट विलायतेला पोचले! पण मला आजोबांच्या बोलण्यातलं वेगळंच काहीतरी खटकन लागलं. राजेसाहेब स्वतः रोज पहाटे नमस्कार घालत. राजवाड्यातल्या बायकांनाही त्यांनी त्यात ओढलं होतं. "मास्तर बी घालायचे आमच्यासंगं," आजोबा म्हणाले, "त्यांचं पोट आडवं यायचं, आमी हसायचो." सक्ती होती, पण ती एकट्यादुकट्यावर बोट ठेवणारी नव्हती. राजापासून पोरापर्यंत सगळ्यांनाच वाकावं लागत होतं.

नखांची आणि केसांची तपासणी मात्र वेगळ्या घरातून आली आहे. इतिहास हा माझा बी.ए.चा विषय, म्हणून जरा मागं जाऊन वाचलं. १८९९ ते १९०२ या काळात इंग्रजांचं दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांशी युद्ध चाललं होतं. भरतीला आलेल्या तरुणांतले कितीतरी जण शरीरानं इतके हलके निघाले, की त्यांना परत पाठवावं लागलं. साम्राज्य सांभाळायचं आणि शिपाई असे काटकुळे! सरकारनं समिती नेमली, तिचा अहवाल १९०४ साली आला. १९०६ मध्ये गरीब मुलांना शाळेत जेवण देण्याची मुभा देणारा कायदा झाला आणि १९०७ च्या कायद्यानं शाळेतल्या मुलांची वैद्यकीय तपासणी शिक्षण अधिकाऱ्यांवर बंधनकारक झाली. म्हणजे बघा, मुलांच्या तब्येतीची आठवण झाली ती रणांगणावरून. आईच्या मायेचा त्यात फारसा संबंध नव्हता.

मग आल्या शाळेच्या नर्सबाई. हातात कंगवा, शेजारी जंतुनाशकाचा वाडगा. मुलं त्यांना 'निट नर्स' म्हणत, आपल्या भाषेत लिखांची नर्स! ओळीनं उभं करायचं, डोकं वाकवायचं, केस पसरून बघायचे. ज्याच्या डोक्यात सापडलं त्याच्या हाती चिठ्ठी. घरून काही झालं नाही तर लंडनसारख्या शहरात सफाईच्या खास केंद्रांत नेऊन डोकं धूत, प्रसंगी केस कापत. भादरलेलं डोकं घेऊन वर्गात आलेल्या मुलीचं काय होत असेल, हे मला आता कुणी सांगायला नको.

पण खरी गंमत पुढं आहे. १९३९ च्या सप्टेंबरात दुसरं महायुद्ध सुरू झालं. बॉम्बच्या भीतीनं मोठ्या शहरांतून तीन-चार दिवसांत सुमारे पंधरा लाख माणसं खेड्यापाड्यांत हलवली, त्यातली निम्म्याहून जास्त शाळकरी मुलं. खेड्यांतल्या घरांनी त्यांना ठेवून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी बोंब झाली. डोक्यात उवा, अंगावर खरूज, अंथरुणं ओली! तीस वर्षांहून जास्त काळ शाळाशाळांतून नर्सबाई हिंडत असूनही ही अवस्था. 'या आया आहेत तरी कशा?' असं वर्तमानपत्रांतून लोक विचारू लागले. माझ्यासारखंच, नाही का?

तेव्हा तिथल्या स्त्रियांच्याच एका गटानं चौकशी केली आणि १९४३ साली शहरांच्या स्थितीवर पुस्तक प्रसिद्ध केलं. आयांना बोल त्यातही लावले आहेत, पण त्याचबरोबर या बायकांनी घरं मोजली, नळ मोजले. एका खोलीत आख्खं कुटुंब, अनेक बिऱ्हाडांत मिळून एक नळ, गरम पाण्याची सोय नाही, आणि मुलांना दुसरा कपडा नाही. हे छापून आलं तेव्हा 'आळशी आई' या एका शब्दात सगळं उरकणाऱ्यांना जरा थांबावं लागलं. युद्ध संपल्यावर १९४६ पासून शाळेत प्रत्येक मुलाला रोज पाव लिटरहून थोडं कमी दूध फुकट मिळू लागलं. कुटुंबातल्या दुसऱ्या मुलापासून पुढं दर आठवड्याला भत्ता मिळू लागला, आणि तो सहसा आईच्या हाती पडे. १९४८ साली सगळ्यांना मोफत दवाखाना आला. कंगवा तोच राहिला, पण आता त्याच्या मागं दूध होतं, औषध होतं, आईच्या हातात चार पैसे होते.

विलायतेचं पुराण पुरे. आपल्याकडे मुलांची पहिली शालेय वैद्यकीय तपासणी झाली ती १९०९ साली, बडोदा शहरात. सयाजीराव गायकवाडांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं, त्याला जोडूनच हे आलं. पुढं १९४६ च्या भोर समितीनं शाळकरी मुलांच्या आरोग्याचा विषय मांडला, १९६० साली रेणुका रे यांच्या अध्यक्षतेखाली खास समिती नेमली गेली. कागद बरेच झाले. प्रत्यक्षात बहुतेक शाळांत पोचली ती नखांवरची छडी.

आता मात्र खरोखरीची तपासणी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हे नाव तुम्ही ऐकलं असेल, नसेल तर मुलांच्या शाळेत विचारा. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला त्याची सुरुवात झाली. गाडीतून पथक येतं. एक डॉक्टर, एक डॉक्टरीणबाई, औषधं देणारे एक जण आणि नर्स. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळांत एकदा. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत. जन्मजात व्यंग, आजार, अन्नातल्या कमतरता आणि वाढीतला उशीर असं सगळं पाहतात. वजन, उंची, डोळे, कान, दात, कातडी, हृदयाचे ठोके. पुढचा उपचार लागणार असेल तर चिठ्ठी देऊन मोठ्या दवाखान्यात पाठवतात आणि तो उपचार मोफत असतो. हृदयात जन्मतः छिद्र असलेल्या मुलांची शस्त्रक्रियासुद्धा.

हे पथक आमच्या शाळेत आलं आणि माझी दुसरी फजिती झाली. माझा मुलगा तेव्हा तिसरीत. लिहिण्यात त्याच्या हमखास चुका. 'घ' चा 'ध', 'भ' चा 'म', 'ष' चा 'प'. धरण आणि घर यांत त्याला फरकच नसे. मराठी शिकवणाऱ्या बाईचा मुलगा आणि अक्षरओळख अशी! मी त्याला एकेक अक्षर पन्नास-पन्नास वेळा लिहायला बसवलं. एकदा पाठीत धपाटाही घातला. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्याला वीस फुटांवरचा तक्ता वाचायला सांगितला. तिसऱ्या ओळीला गाडी थांबली. त्या मला म्हणाल्या, "मॅडम, याला फळाच नीट दिसत नाहीये. तो अंदाजानं लिहितोय."

पोरगं टीव्हीच्या पुढ्यात जाऊन बसत होतं, डोळे बारीक करून बघत होतं, वही नाकाला लावत होतं. मी रोज पाहत होते आणि 'लांब बस' म्हणून ओरडत होते. डॉक्टरीणबाई मला सगळ्यांसमोर विचारू शकल्या असत्या, "आई लक्ष देत नाही का?" पण त्यांनी विचारलं नाही. चिठ्ठी दिली, कुठं जायचं, कुठल्या वारी जायचं ते सांगितलं, आणि मुलाच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "चष्मा लागला की सिक्सर मारशील." चष्मा लागला. चुका महिनाभरात गेल्या. सिक्सरचं अजून काही दिसत नाही.

तेव्हा आपल्या मुलाला शाळेतून अशी चिठ्ठी आली, की तो आपला अपमान समजू नका. दप्तरातच ठेवून देणाऱ्या, 'आमच्या मुलाला काही झालेलं नाही' म्हणणाऱ्या आया मला दरवर्षी भेटतात, आणि त्या चांगल्या शिकलेल्याही असतात.

आता उवांचं घरगुती शास्त्र सांगते, कारण यातल्या निम्म्या गोष्टी मलाही माहीत नव्हत्या.

ऊ उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की ती चालत जाते. खेळताना, एका उशीवर झोपताना, एका मोबाइलमध्ये दोघी-तिघी डोकं घालून बसल्या की तिची सोय झालीच. स्वच्छ केस, अस्वच्छ केस असला भेद ती करत नाही, रोज न्हाणाऱ्या डोक्यातही तितक्याच आनंदानं राहते. माणसाच्या डोक्याबाहेर पडली की एक-दोन दिवसांत मरते, म्हणून गाद्या-पडदे सगळे धुवत बसू नका. अंथरूण, टॉवेल, टोपी आणि कंगवे गरम पाण्यातून काढले की पुरे.

लीख केसाच्या मुळाशी चिकटलेली असते, सात ते दहा दिवसांत फुटते. म्हणूनच एकदा औषध लावून भागत नाही. परमेथ्रिनचं एक टक्क्याचं औषध मिळतं, ते ओलसर केसांना दहा मिनिटं लावून धुवायचं आणि आठ-नऊ दिवसांनी पुन्हा लावायचं. लहान बाळ असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पण माझा खरा भरवसा आहे तो आपल्या जुन्या फणीवर. केस ओले करून भरपूर तेल लावा, केसांचे चार भाग करा आणि मुळापासून टोकापर्यंत बारीक दातांची फणी ओढा. दर वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसा, म्हणजे काय निघालं ते कळतं. दर तीन-चार दिवसांनी, असं दोन आठवडे. घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी बघायची. माझं डोकं सासूबाईंनी बघितलं आणि त्यात त्यांना जरा जास्तच आनंद झाला. जाऊ द्या.

दोन गोष्टी मात्र हात जोडून सांगते. रॉकेल लावू नका. कातडी भाजते आणि चुलीजवळ गेलं तर पोरीचं डोकं पेट घेईल. आणि सीताफळाच्या बियांची पूड लावू नका. आपल्याकडे आजी-पणजीपासून हा उपाय चालत आला आहे, ऊ मरतेही त्यानं, पण ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला गंभीर जखम होते. उवा परवडल्या.

खरजेचंही तसंच. बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, कमरेला पुरळ, आणि रात्री खाज वाढते. एकट्या मुलाला औषध लावून उपयोग नाही, घरात कुणाला खाज नसली तरी सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, नाहीतर ती घरातल्या घरात फिरत राहते. जंतांची गोळी शाळेत फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये मिळते, ती मुलाला चावून खाऊ द्या, 'उपाशीपोटी त्रास होईल' वगैरे भीती असेल तर नाश्ता देऊन पाठवा. मोठ्या मुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देतात. ती घेतल्यावर शौचाला काळसर होतं, त्याला घाबरायचं नसतं. आणि गोळीवर लगेच चहा नको, चहानं लोह अंगी लागत नाही.

दातांबद्दल बोलायचं तर आधी आपण आपलं तोंड उघडलं पाहिजे. पथकानं आठवीतल्या एका मुलीचे दात पाहिले आणि विचारलं, मशेरी लावतेस का? ती म्हणाली, "आई लावती, म्हणून मी पण." सांगली-साताऱ्याकडच्या बायांना मशेरी काय ते सांगायला नको. सकाळी तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास आला की समजायचं. ती दात घासायची पूड नव्हे, तो तंबाखूच आहे. सुटत नाही तो त्यामुळंच, आणि पोटुशीनं लावली तर बाळ वजनाला कमी भरतं. शाळेत मुलांना 'तंबाखू खाऊ नका' असं घोकून घ्यायचं आणि घरी चुलीशी आईच्या गालात मशेरी! यावर तपासणी कुणाची करायची?

माझ्या सोमवारच्या तपासणीचं पुढं काय झालं ते राहिलंच. बंद केली नाही. नखं पाहिलीच पाहिजेत, खिचडी हातानंच खातात मुलं. पण आता आधी मी माझे हात पुढे करते. मुलं अगदी बारकाईनं बघतात बरं का! एकदा कणीक अडकलेली सापडली तर आख्ख्या ओळीनं टाळ्या पिटल्या. नेलकटर टेबलावरच असतं, ज्याची नखं वाढली त्यानं तिथंच कापायची, वहीत नाव नाही. आणि केस ओळीत बघत नाही. आता डॉक्टरही असंच सांगतात, की उवांसाठी मुलाला शाळेबाहेर ठेवण्याचं काही कारण नाही.

केसांसाठी शनिवार ठेवला आहे. सकाळची शाळा सुटली की व्हरांड्यात ऊन असतं. पाच-सहा फण्या, तेलाची बाटली आणि जुन्या धोतराची पांढरी फडकी घेऊन बसतो. ज्यांना हवं त्या मुली थांबतात, एकमेकींची डोकी विंचरतात. पहिल्या शनिवारी माझ्या लेकीला मी सगळ्यांसमोर बसवलं आणि तिच्याच डोक्यातून सुरुवात केली. ती माझ्यावर दोन दिवस रुसली होती. ऊसतोडीची ती पोर आली नव्हती. तिसऱ्या शनिवारी आली, दाराच्या खांबाला धरून उभी राहिली, बोलावलं तेव्हा जवळ आली. शाळेतही पुन्हा येऊ लागली, पण माझ्याकडे सरळ बघायला तिला बरेच दिवस लागले.

फेब्रुवारीत एका शनिवारी कारखान्याचं काही बिघडलं म्हणून तोड बंद होती. व्हरांड्यात आमचं काम चाललं होतं, तेवढ्यात ती आईचा हात धरून फाटकातून आत आली. आई संकोचून पायरीपाशीच बसली. मी लुगड्याच्या पदराकडे, त्या कापलेल्या हातांकडे बघत काय बोलावं याचा विचार करत होते. पोरीनं मला विचारलंही नाही. डब्यातली फणी उचलली, आईच्या डोक्याचं फडकं सोडलं आणि तिला उन्हाकडे तोंड करून बसवलं.

"हालू नको ना गं," ती आईला दटावत होती. "आता उजेड हाये तर बघू दे की."